सहावं घर

पहिल्या एस्टीनं कवठ्याहून मिरजेत आल्या मालनताई शिंत्रे.
पिशवीत वर मेथी, मेथीखाली नॅपकिन,
नॅपकिनात अण्णांचं रिव्हॉल्व्हर,
आणि लॅमिनेट केलेली, कडेला फुगलेली परवान्याची प्रत.
"निवडणूक लागलीय. ठाण्यात जमा करायचंय.
त्याआधी एवढं बघा, दस्तगीरभाई,
ह्याला आतनं पट्टी बसवलीय का नाही."

समोरच्या दुकानात चुलतभाऊ तंबोऱ्याची जवारी काढत बसलेला.
एक सा. घासणं. पुन्हा तोच सा.
आमच्यातले बहुतेक तलवारीच्या धारेवरून तारेवर गेले,
मी तेवढा लोखंडात राहिलो.

आधी बाजूचं दार उघडलं, फिरकी फिरवली.
सहा घरं, सहांतून गल्लीचा उजेड.
रिकामं आहे हे मी दोनदा बघतो.
भरलेलं होतं हे माणसाला एकदाच कळतं.

कडेला तीन स्क्रू. म्हणजे जुनी जात.
हिच्यात घोडा मिटला की सुई
काडतुसाच्या टाळूला टेकून बसते.
कमरेवरून सुटलं, फरशीवर घोड्यावरच आपटलं,
तर चापाला कुणी न शिवता काम होतं.
पण नुसत्या स्क्रूवरून ठरवू नये.
बाहेरून माणूसही तोच दिसतो,
आत कोण काय बदलून गेलंय...
हे मी बोललो नाही. ताई मेथी सावलीत सरकवत होत्या.

घोडा मागं ओढला.
तंबोरा तेवढ्यात थांबला, म्हणून टकटक मोजता आली.
चाप दाबून धरला, आणि अंगठ्यानं घोडा
झोपलेलं पोर खाली ठेवावं तसा उतरवला.
टॉर्च मारला.
फटीत, नखाएवढी, वर आलेली पट्टी.
चाप सोडला. खाली गेली.
आता घोड्यावर हातोडी मारा, सुई हलायची नाही.

"बसवलीय," मी म्हणालो.
ताई जरा वेळ गप्प. मग,
"मग अण्णा पाचच का भरायचे?
घोड्याखालचं घर रिकामं. जन्मभर.
आई म्हणायची, चिक्कू आहेत.
मला वाटायचं, कुणासाठी तरी राखून ठेवलंय."

मुठीचा स्क्रू सैल होता.
आवळायच्या आधी लाकूड काढून पुसावं म्हटलं,
तर आत विडीच्या बंडलाचा कागद, तेलानं पिवळा,
आणि त्यावर माझ्या वडिलांचं चौथीपर्यंतचं अक्षर:
पटी बसवली सन ८३
तरी पाचच भरावे

वडील ज्या हातानं चष्मा काढायचे
त्याला तीन बोटं होती.
बाकीची कुठं गेली, हे विचारायची
आमच्या घरात पद्धत नव्हती.

ताईंनी कागद दोनदा वाचला.
घडी होती तशीच घातली.
"आतच ठेवा," म्हणाल्या.
पैसे घेतले नाहीत. मेथीची एक जुडी घेतली.

संध्याकाळी फोन आला, ठाण्यातून.
"काडतुसं किती विचारत्यात. पाच सांगितली.
तर हवालदार म्हणतो, बाई, ह्यात सहा बसतात ना?"
"मग?"
"म्हटलं, बसतात."