पाकिटातली चाल

भिंतीवरचा पट हलवायचं काम माझं होतं.
लांब काठी, टोकाला पितळी आकडा;
पॅर्नूच्या जुन्या स्नानगृहाचं दालन,
दोनशे माणसं, ओल्या लोकरीचा वास.

काळ्या राजाची कडी तुटलेली.
भोकात आगकाडी खुपसून मी त्याला लटकवायचो.
दर चालीला वाटे, आता पडतो,
आणि लोक उगीचच टाळ्या वाजवतात.

पांढऱ्याकडून नॉरवायशा. जाड, दम लागणारा.
प्यादं सारताना करंगळी वर धरायचा,
जणू हातात गरम कप आहे.
समोर हिल्लर कूस्क, कोळ्याचा मुलगा,
एक प्यादं कमी, तरी खुर्चीत असा बसलेला
की वारा फिरायचीच काय ती वाट.

एकेचाळिसाव्या चालीवर घड्याळं थांबली.
कूस्कनं तळहाताआड काहीतरी लिहिलं,
जिभेनं पाकीट ओलं करून चिकटवलं.
पंच साल्मेबाई ते कोटाच्या आतल्या खिशात घालून
जेवायला गेल्या.

दालनाची किल्ली माझ्याकडे होती.
रात्री एकच दिवा लावून मी काळा हत्ती फिरवत राहिलो:
शह. शह. पुन्हा शह.
पांढरं प्यादं काही थांबेना.
ज्या वाटेनं जावं त्या वाटेनं राजा मरे,
आणि काडी काढून मीच त्याला परत टांगे.
बाहेर खाडी गोठत होती,
मधूनच काच तडकल्यासारखा आवाज.

सकाळी नॉरवायशा भिंतीपाशी थबकला.
हत्ती जागेवर ठेवायला मी विसरलो होतो.
माझे कान तापले.
त्यानं चष्मा पुसला, वाकून हळूच म्हणाला,
"हे मीही पाहिलं. पहाटे चारला.
यानं काळा हरतो, पोरा."

पाकीट फाटलं.
राजा.
प्याद्याकडे नाही, त्याच्यापासून एक घर लांब.
कुणीतरी फिसकन हसलं.
मी काठी उचलली; माझ्या हाताबरोबर
वर राजाही थरथरला.

सत्तावन्न मिनिटं.
करंगळी उठली, बसली, पुन्हा उठली,
आणि अखेर पटावरून अख्खा हातच पुढे आला.
बरोबरी.
कूस्क तो हात सोडायला विसरला.
मोकळ्या हातांनी दोघं लगेच
न घडलेले डाव मांडू लागले,
मोठ्यानं, मोडक्या रशियनमध्ये, एकमेकांना खोटं पाडत.

ती चाल मला अजून पुरती उमगलेली नाही.
घरी जाताना खिशात काडी लागली,
टोक झिजलेलं, गूल मात्र शाबूत.
पुलावर वाऱ्यात ओढून पाहिली.
पेटली.