साठ लिटर

निनाद टाकळकर दोन महिन्यांचं भाडं थकवून बंगळूरला गेला
आणि वरच्या खोलीत ठेवून गेला एक टँक,
सात मॉली, दोन गुरामी, एक लोच,
काचेला चिकटवलेली चिठ्ठी:
काका, रोज चिमूटभर. जास्त नको.

चिमूट हे माप नव्हे.
बत्तीस वर्षं काढली मी वजनमापे खात्यात.
मार्केट यार्डात पारड्याच्या बुडाला चिकटवलेली चिंच
याच बोटांनी शोधून काढलीय.

डिसेंबरात पाषाणचा पारा नऊवर आला
त्या रात्री धनकवडीत तीन तास वीज नव्हती.
दोन दिवसांनी थोरल्या गुरामीच्या शेपटीवर
बारीक रवा पडल्यासारखे पाच ठिपके.
मला वाटलं, खाणंच चिकटलं असेल.
संध्याकाळी एकोणीस होते.
मासा दगडाला अंग घासत होता,
खरूज झालेला माणूस दाराच्या चौकटीला पाठ घासतो तसा,
लाज सोडून.

भवानी पेठेत इम्तियाज बागवानने फोटो पाहिला.
बाटली काढता काढता म्हणाला,
"साहेब, अंगावर दिसतोय तो या औषधाने मरत नाही.
कातडीखाली बसलाय, तिथं हे पोचत नाही.
तो पिकणार, गळणार, तळाला जाऊन फुटणार.
एकाचे शेकडो होऊन नवं अंग शोधत पोहायला लागले
की तेवढ्यात गाठायचं."
"आणि ठिपके गेले की?"
"तेव्हाच तर थांबायचं नाही."

रिक्षात बाटली मांडीवर धरून बसलो.
स्वारगेटच्या सिग्नलला सुचलं ते असं:
मी आयुष्यभर दिसली तेवढीच खोट पकडली.
पावती फाडली, शिक्का मारला, पुढचं दुकान.

चोवीस इंच, बारा, पंधरा.
वाळू आणि वरची मोकळी बोटं वजा जाता साठ लिटर.
मीठ साठ ग्रॅम. लोचला खवले नावापुरतेच,
त्याला सोसायचं नाही, म्हणून तीस.
औषधही निम्मं. पाच थेंब.
फिल्टरमधला कोळसा काढून ठेवला,
नाहीतर तो औषधच पिऊन बसतो.
हवेचा दगड जोरात. दिवा बंद, वरून टॉवेल.
हीटर एकदम नाही, पाच-सहा तासांनी एक अंश,
चोविसापासून तिसापर्यंत.
गुरुवारी पाणी बंद, म्हणून बुधवारीच बादल्या भरल्या,
क्लोरीन उडून जावं म्हणून गॅलरीत उघड्या ठेवल्या.
सगळ्या घराला धोब्याच्या निळीचा रंग चढल्यासारखा वाटला.

रात्री दोनला थर्मामीटर बघायला उठलो
तर अंधारातून हेमलता म्हणाली,
"माझा गुडघा शेकायला कधी उठला नाहीत."
खरं होतं. मी एकोणतीस अंश लिहून घेतले
आणि परत येऊन पाणी तापवलं, तिच्यासाठी.
ती म्हणाली, "आता राहू दे."

चौथ्या दिवशी ठिपके गेले.
मासे कसे स्वच्छ, कोऱ्या नाण्यासारखे.
पाचव्या दिवशी धाकटी गुरामी आडवी तरंगत होती.
तिच्या अंगावर तर एकही ठिपका नव्हता, कधीच.
बहुधा कल्ल्यांत असावेत. तिथे मी पाहिलंच नव्हतं.
कढीपत्त्याच्या कुंडीत पुरण्याआधी
टपालाच्या काट्यावर ठेवली तिला. चार ग्रॅम.
का तोललं, सांगता येणार नाही.

निनादचा मेसेज आला, सोबत निम्मं भाडं:
काका, मासे कसे आहेत?
नऊ, असं लिहिलं. मग त्यापुढे बराच वेळ काही सुचेना.
हीटरचं बिल तुझ्या नावावर मांडलंय, एवढं जोडून पाठवलं.

आज अकरावा दिवस.
वाळूतली घाण नळीने ओढून काढली, पंधरा लिटर बदललं,
गेल्या मिठाच्या हिशेबाने नवं मीठ घातलं.
टॉवेल उचलून टॉर्च मारतो.
मॉली उजेडाकडे येतात, खायला मिळेल म्हणून.
लोच दगडाखालून फक्त मिशा बाहेर काढतो.
काचेला नाक लावून एकेकाचं अंग पाहतो,
शेपटी, पर, आता कल्लेसुद्धा.

काही दिसत नाही.
पाच थेंब.