केर

हुपरीला आमच्या घरातला केर कधी उकिरड्यावर गेला नाही.
पैंजण घासताना उडालेली चांदी
फरशीच्या फटीत, चटईत, वडिलांच्या बनियनला.
आई पोतेरं पिळायची तेही बादलीत धरून.
वर्षाकाठी झारेकरी यायचा,
पोतं तागडीत घालून न्यायचा.
माझी डी. फार्मची पहिली फी
त्या धुळीतून आली.

आता राजारामपुरीच्या मागे, इस्पितळाच्या तळघरात,
खिडकी नसलेल्या खोलीत
मी हातमोज्यांवर हातमोजे चढवते.
आतले गाऊनच्या बाहीखाली, बाहेरचे बाहीवर.
समोर काचेचं कपाट, त्यात हवा वरून खाली ओघळते.
अकरा नंबरच्या बाईंचं लाल औषध,
थेट डाळिंबाच्या सरबताचा रंग.
त्यांच्या गाठीवर ते चालून जाईल,
आणि माझ्या कातडीला ओळखत नाही म्हणून
मलाही सोडणार नाही.

दोन वर्षांपूर्वी माझं राहिलेलं राहिलं नाही.
तेव्हा हे कपाट नव्हतं. टेबल होतं, पंखा होता.
कारण कुणी सांगितलं नाही.
मीही विचारलं नाही.

मार्चात पुण्याहून एक बाई आल्या,
कुप्यांत औषधाऐवजी साधंच दिसणारं पाणी भरून.
"रोज करता तसंच करा," म्हणाल्या.
केलं. मग दिवे घालवून त्यांनी निळा दिवा धरला.

फ्रिजच्या मुठीवर होतं.
रजिस्टरच्या कोपऱ्यावर, जिथं अंगठा ओला करून पान उलटतो.
सुकुमारच्या चष्म्याच्या दांडीवर.
चहाच्या थर्मासवर.
माझ्या मानेवर, गाऊनची गाठ सोडते तिथं.
आधी आम्ही हसलो,
एकमेकांना बोट दाखवून, रंगपंचमीसारखं.
मग दारातून हमीदाबी मुल्लाणी आत आली,
फरशी पुसून झालेली, बादली हातात,
आणि कोपरापर्यंत उजळली.

"आगं बया, मॅडम," तिनं हात वर धरले,
"ही चांदी कुठनं आली म्हणायची?"

मला उत्तर येत होतं.

साहेब म्हणाले, तुम्हाला मोजे आहेत ना?
ती कंत्राटाची, तिचं खातं वेगळं.
मी अर्ज लिहिला. पुन्हा लिहिला.
मग माझ्या खोक्यातली एक जोडी रोज तिला द्यायला लागले,
तर महिनाअखेर हिशेबात बावीस जोड्या कमी,
आणि नोटीस माझ्या नावावर.
नोटिशीच्या उत्तरात मी बावीस तारखा लिहिल्या
आणि प्रत्येकीपुढे: हमीदाबी, फरशी.

जूनमध्ये मोजे आले.
आठ नंबरचे. तिचा हात सहाचा.
मनगटाला रबर लावून ती पुसते,
पाणी बदलते, पुन्हा पुसते,
तोंडावरच्या मास्कमधून काहीतरी पुटपुटत.
साहेबांना असावं ते.

आमचा केर आता पिवळ्या पिशवीत जातो.
सुया, कापूस, मोजे, गाऊन, सगळं.
तोंड बांधायचं, तारीख घालायची.
संध्याकाळी गाडी येते, माणूस पिशवी काट्यावर टाकतो,
किलो लिहितो, पावती फाडतो.

रविवारी हुपरीला हे आईला सांगितलं.
मी आधी अंघोळ करून, कपडे वेगळे भिजवून बसले होते.
ती उंबऱ्यापाशी झाडत होती,
सुपलीत काहीतरी चमकलं, तिनं ते पोत्यात सारलं.
"तोलून नेतोय होय?" म्हणाली.
"मग भाव काय लावतोय त्यो?"