भूकंपाआधी दोन वर्षं

दाखल्यावर माझा जन्म एक जूनचा.
खरी तारीख आईलाही माहीत नाही.
विचारलं की म्हणती, भूकंपाआधी दोन वर्षं,
तुरी काढायला आल्या होत्या बघ.
किल्लारीकडच्या आमच्या माणसांचं असंच,
थोरलीचं लग्न आधीचं, बोअर नंतरचा,
मामा त्या रात्रीचा.

म्हणून आमोसाच्या पहिल्याच ओळीत मी अडकलो.
तोही बोलला म्हणे भूकंपाआधी दोन वर्षं.
तिथं राजांची नावं आहेत, पण ती कुणाला सांगायची?
हा हिशेब मात्र आमच्या घरातला.

शांतवन मास्तरांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला
तेव्हापासून रविवारचं वाचन माझ्याकडं.
मी लातूरच्या मोंढ्यातला मापाडी.
सोयाबीनची धूळ नखांतून जात नाही,
पान उलटलं की डाग पडतो.

तो तरी कोण होता?
तकोव्याच्या उजाड रानातला मेंढक्या,
हंगामात उंबरं चिरायला जाणारा.
मास्तर सांगतात, तिकडचं उंबर आपणहून गोड होत नाही.
कच्चं असतानाच पात्यानं चीर द्यायची,
चार दिवसांत पिकतं.
आपल्याकडं म्हणतात, उंबर फोडू नये, किडे निघतात.
त्यानं पात्याचा हात तसाच ठेवून
बेथेलची वाट धरली.

हुशार गडी.
आधी शेजारच्या मुलखांची पापं मोजली,
एकेक गाव घेत. ऐकणारे खूश,
माना डोलवतायत, आणखी सांग म्हणतायत.
आणि फास आवळत आवळत
तो त्यांच्याच उंबऱ्यात येऊन थांबला.
तुमचं माप तोकडं, वजन लबाड,
गव्हाबरोबर झाडलोटही विकता,
आणि सण कधी संपतो, दुकान कधी उघडतं
याकडं डोळे.

इथं माझा आवाज बसला.
काट्याच्या ताटाखाली अडकवलेलं दोन रुपयांचं नाणं
मला पानावर दिसलं.
कट्ट्यामागं अर्धा किलो खातं ते.
वर कडता वेगळा. शेठ म्हणतो, रीत आहे.

पुढच्या बाकावर कोषाध्यक्ष विजयानंद कसबे,
त्यांचंही गोडाऊन आहे.
देवळातल्या पंख्याच्या तिन्ही पात्यांवर त्यांचं नाव,
पंखा चालू असला की वाचता येत नाही.
पाळक हळूच म्हणाले, भाऊ, एवढं पुरे. स्तोत्र घ्या.
त्यालाही असंच सांगितलं होतं,
तुझ्या मुलखात जा, तिथं बोल, तिथं भाकर खा.
तो अडून राहिला.
म्हणाला, माझ्या घराण्याचा हा धंदा नाही,
मेंढरांमागून उचलून आणलंय मला.

मी स्तोत्र घेतलं.

घरी आईला विचारलं,
भूकंप म्हणजे शिक्षा असती का गं?
ती भाकरी थापायची थांबली.
पहाटे चारला देव काय झोपलेली लेकरं मोजतो व्हय?
माळवदं मातीची होती. एवढंच.
मग बऱ्याच वेळानं म्हणाली,
नवी घरं बांधली तवा तुझा बाप कोपऱ्यावर ओळंबा धरायचा.
दोरी कुणाची भीड ठेवत नाही म्हणायचा.
वाकडी निघाली की पाडायचा,
आपली असली तरी.

आमोसाच्या देवाच्या हातातही तेच आहे.
वीज नाही, तलवारही नाही,
गवंड्याची दोरी
आणि खाली लोंबणारं शिसं.

सोमवारी मोंढा उघडला.
औशाची एक बाई तुरीचे दोन कट्टे घेऊन आली,
पदरानं मान पुसत.
मी वाकलो, ताटाखाली हात घातला.
मग शून्य दाबलं.
आकडे थरथरले, स्थिर व्हायला वेळ लागला.
शेठ गल्ल्यावरून बघत होता.

नाणं खिशात. चालताना मांडीला लागत राहिलं.
दारात आई. आज लौकर कसा रे?
म्हटलं, असंच. तारीख ध्यानात ठेव.
ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.
म्हणाली, कशाच्या आधीची?