सव्वा इंच

बंदूक माझ्या नावावर झाली तेव्हा
कचेरीतल्या क्लार्कने नळीची लांबी लिहून घेतली,
नंबर दोनदा ताडून पाहिला.
दस्ता किती लांब, हे कोणी विचारलं नाही.

ते विचारतो साखर पेठेतला नरसय्या येमूल.
आधी मागाचे धोटे घडवायचा,
माग भंगारात गेले तसा
बंदुकीच्या लाकडाकडे वळला.
"हात दुमड की," म्हणतो,
आणि दस्त्याचं बूड माझ्या कोपराच्या खोबणीत टेकवतो.
बोट चापापर्यंत पोचत नाही.

"हे बसल्या जागचं माप. आता उभी राहा.
ड्यूटीचा शर्ट हाच ना? थंडीत आत स्वेटर?"
सोलापूरची थंडी गड्ड्याच्या जत्रेपुरती, मी म्हणते.
तो हसत नाही.
बाहीचं कापड चिमटीत धरून जाडी बघतो.

डावा पाय पुढं. भार त्याच्यावर.
गुडघा ताठ नको.
"मान कशाला लांब करतेस? तू जाऊ नको तिच्याकडं,
तिला येऊ दे गालाशी."

मग लाकडाला चिकटपट्टी गुंडाळतो, कड उडू नये म्हणून,
आणि बारीक दाताची करवत लावतो.
आधी पाऊणच इंच.
"कापलेलं वाढत नाही ओ."
पुन्हा उभी करतो. अंगठा नाकाला दोन बोटं हवा,
चार बोटं आहे.
मग आणखी अर्धा.

दस्ता उजेडात फिरवताना तो थांबला.
पॉलिश गालाने खाल्लेली जागा होती तिथे,
बुडाच्या फारच जवळ.
"अप्पा तुझे बुटके होते?"
माझ्याएवढेच.
"मग त्यांनाबी लांबच होती की ही."

मिलच्या उंच्यापुऱ्या पारशी इंजिनिअरची जुनी बंदूक,
अप्पांनी पगारातून हप्ते फेडून घेतलेली.
एकतीस वर्षं गेटवर, मग बँकेच्या दारात.
दरवर्षी सरावाहून आले की
दंडावर, खांद्यावर नाही, दंडावर
हळद आणि तेल.
मला वाटायचं, बंदूक अशीच लागते सगळ्यांना.
त्यांनाही तसंच वाटत असणार.

जाड चकती नरसय्याने कागदात बांधून दिली:
"पोरगा उंच निघाला तर डकवू परत."
पातळ चकती न विचारता स्वतःच्या डब्यात टाकली.
लोखंडी पट्टी घासून, जुनेच स्क्रू पिळून बसवली.

"डोळे मीट. खांद्याला लाव. आता उघड."

नळीच्या टोकावरची माशी
डोळ्यासमोर, नेमकी मध्ये,
आणि तिच्यापलीकडे त्याची भिंत,
भिंतीवर खिळ्याला टांगलेला एक धोटा
तुटक्या दोऱ्यासकट.

दंड मोकळा होता.
मी बराच वेळ बंदूक खाली घेतली नाही.
"जड हाय का?" त्याने विचारलं.