डिंक

पोतोसीत, खाणीच्या कॅन्टीनमागे
रात्रीचा वर्ग. खडूसुद्धा गारठलेला.
कासिमिरा चोके, वय एकसष्ट,
कणसाचे दाणे सोलावेत तशी
एकेक अक्षर सुटं करते.

चौथ्या महिन्यात तिने पेटीतून
लेकीची पत्रं काढली, ब्युनोस आयर्सची,
जी औषधवाला एलेउतेरिओ वाचून दाखवायचा:
"आई, तुझ्या हातचं सूप आठवतं.
रात्री तुझीच शाल पांघरते."

आता बोट ठेवून स्वतः वाचलं.
पैसे पाठवले. मिळाले का, कळव.
तारीख. सही.
सूप कुठेच नव्हतं.
शाल तर नाहीच.

मला वाटलं, रडेल.
ती फळा पुसून गेली.

शनिवारी औषधाच्या रांगेत ती माझ्यापुढे.
हातात नवं पत्र,
पाकिटावरचा डिंक अजून ओला.
"चष्मा सापडेना, एलेउतेरिओ.
जरा वाचून दाखव."