आठवं पान

अमावास्येपासून सुरू करू नको,
हिलाल मिस्तरी म्हणायचा.
अमावास्या म्हटली की ऐकणारा सावध होतो,
गोधडी पायाखाली खोचून घेतो,
मग आत शिरायला फट राहत नाही.
पिंपळ नको. वटवाघूळ तर नकोच.
कुत्रं रडलं, असंही नको,
अडावदच्या शिवारात कुत्री
बिबट्याला रडतात, वरातीच्या फटाक्यांनाही.

सुरुवात करायची हिशेबाने.

मोटारी दुरुस्त करणारा माणूस,
बोटांच्या रेषांत ग्रीस, कानामागे टेस्टर.
जळालेलं वाइंडिंग वासावर ओळखायचा
आणि म्हणायचा,
बिघाड नेहमी बारक्या जागी असतो.

पौषातली भरीत पार्टी.
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी तडकत होती,
बडगीत मिरची-लसूण,
कुणीतरी कशाला तरी हसत होतं.
सुपडू केळीत शिरला, पानं कापून आला.
हिलालने हात झाडले
आणि मोटारीचं बिल सांगावं तशा आवाजात म्हणाला,

"आपुन सात जन.
सुपडूनी पानं आनात आठ."

आणि तेवढ्यात साडेबाराची लाइट आली.
लांब स्टार्टरचा दिवा लागला.
त्याने बॅटरी उचलली,
"बाकीनं उनू म्हंजे सांगसू,"
आणि बांधावरून गेला.

आम्ही मोजलं. चोरून, एकमेकांना.
एकदा पाच भरले, एकदा सात,
मिस्तरी धरायचा की नाही, यावर कुणी बोलेना.
केळीत वारा शिरला की फाटकी पानं
धोतर झटकल्यासारखी वाजतात.
रोजच वाजतात.
त्या रात्री ऐकू आली.
आठवं पान कुणी घेईना,
जाळात टाकायलाही कुणाचा हात होईना.
ते तिथेच राहिलं, सरळ मांडलेलं,
टोक सातपुड्याकडे.

तो परतला पहाटे, गुडघ्यापर्यंत चिखल.
भरीत केव्हाच संपलं होतं.
कळण्याची कोरडी भाकरी तोंडात कोंबून
दुसऱ्या मळ्यात मोटार बघायला गेला.
पानं गाईने खाल्ली,
मोजायची राहिली.

पुढे मी कितीदा बसलो लिहायला.
विहीर घातली, विहिरीत बाई घातली,
तारेला चिकटलेला सालदार घातला,
त्याची चप्पलही बांधावर ठेवून पाहिली.
जितकं घालावं तितकी गोष्ट
पाणी सुटलेल्या भाजीसारखी पांचट.
त्याची दोन वाक्यं वर, कोरडी,
त्यांना काहीच चिकटेना.

परवा नंदुरबारला फोन केला,
लेकीकडे असतो आता, ऐकू कमी येतं.
ओरडून विचारलं, मिस्तरी, ते बाकीचं राहिलं.
त्या पानाचं. आठव्या.
बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज.
मग म्हणाला,
"त्या रातनं भरीत भलतं ग्वाड व्हतं, भाऊ."

हो म्हणालो. तब्येत विचारली.
फोन ठेवला, चहा ठेवला,
आणि चहा उतू गेला तेव्हा आठवलं,
भरीत त्याने खाल्लंच नव्हतं.